शुक्रवारचा हात

विलास वारला तो शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीत लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात, त्यामुळे कारखान्यातली माणसं मयताला येऊ शकली. शनिवारी शिफ्ट सुरू झाली आणि त्याच्या लूमवरचा बदली माणूस कायम झाला.

विलास माझा धाकटा भाऊ. तो लूम चालवायचा. त्याच कारखान्याच्या पुढच्या बाजूला एक हॉल होता, तिथं मी पूल या खेळाच्या टेबलावर मार्कर होतो. या दिवाळी अंकासाठी माझ्या नोकरीविषयी लिहा असं सांगणं आलं, त्याला बरेच दिवस झाले. मार्करच्या नोकरीत सांगण्यासारखं पुष्कळ असतं. माणसं हरताना कशी वागतात ते आमच्याइतकं कुणी पाहत नाही. पण लिहायला बसलो की हात एकाच ठिकाणी येऊन थांबतो. म्हणून तेवढंच लिहितो.

मार्कर म्हणजे टेबल राखणारा. तो चेंडू मांडतो, गुण सांगतो, कापडावर ब्रश फिरवतो, कापडाला इस्त्री करतो. हो, टेबलाच्या हिरव्या कापडालाही इस्त्री लागते, आणि एकाच दिशेनं. ऐंशीच्या दशकात मी मुंबईतल्या एका जिमखान्यात हे काम शिकलो. बी.ए. झालो होतो आणि मास्तरकीसाठी अर्ज करून थकलो होतो. तिथल्या एका सभासदानं माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि मला कामावर ठेवा म्हणून सांगितलं. पुस्तक वाचणारा माणूस आवाज करत नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. नव्वदच्या आसपास भिवंडीतही पूलचं वेड आलं, तेव्हा मी परत आलो.

हनीफशेठचा कारखाना कल्याण रोडच्या आत होता. पुढची खोली रिकामी होती, तिथं त्यांनी टेबलं टाकली. मधे फक्त एक भिंत. भिंतीपलीकडे लूम.

बाहेरून येणारा माणूस हॉलमध्ये पाऊल टाकायचा आणि ओरडून विचारायचा, "इथं खेळता कसं तुम्ही?"

आम्ही विचारायचो, "का? काय झालं?"

आम्हाला खरंच कळायचं नाही. भिवंडीत जन्मलेल्या माणसाला लूम ऐकू येत नाहीत. लाईट गेल्यावर ते थांबले की त्याला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, आणि पुन्हा सुरू झाले की तो ते विसरून जातो.

मला लूमची आठवण व्हायची ती टेबलामुळे. पूलचं टेबल कापडाखाली दगडाचं असतं आणि ते काटेकोर सपाट लागतं. आमची जमीन दिवसरात्र थरथरायची. आठवड्याभरात एखादा पाय खाली बसायचा आणि चेंडू सोडला की तो आपोआप एका कोपऱ्याकडे चालू लागायचा. मी ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे पायांखाली घातले, तरी फरक नाही. मग दर शुक्रवारी, लूम बंद असताना, गवंड्याची लेव्हल घेऊन मी टेबलाखाली शिरायचो आणि पाचरी ठोकायचो. आठवड्यात शुक्रवारी टेबल सगळ्यात सरळ असायचं. हे लक्षात असू द्या.

आता खेळाविषयी. पूल बघायला सोपा वाटतो. पांढऱ्या चेंडूनं रंगीत चेंडू टेबलाच्या कडेच्या भोकात, म्हणजे पॉकेटात, घालायचा. क्यू नावाची काठी, तिच्या टोकाला घासायला निळा चॉक. पण तोच फटका माणूस सकाळी मारतो आणि संध्याकाळी चुकतो. का? हात तोच, डोळा तोच. मुंबईतले म्हातारे मार्कर म्हणायचे की चूक फटक्यात नसते, फटक्याच्या आधी असते. उभं राहून रेषा बघायची, त्याच रेषेवर पाऊल टाकायचं, वाकायचं, क्यू दोन-तीनदा पुढे-मागे न्यायचा, थांबायचं आणि मारायचं. दर वेळी हे सगळं तसंच, त्याच क्रमानं, त्याच वेगानं व्हायला हवं. फटका सोपा असला तरी आणि माणसं बघत असली तरी. याला मी रीत म्हणायचो. ज्याची रीत पक्की त्याचा हात घाबरत नाही, कारण हाताला ठरवायला काही उरलेलंच नसतं.

गिऱ्हाइकांच्या रीती बघत माझे दिवस गेले. सुताचे एक दलाल होते. ते चॉक आधी कपाळाला लावायचे आणि मग क्यूला. घरी जाताना कपाळ निळं. काल्हेरच्या एका गोडाऊनचे मुकादम चेंडूशी बोलायचे. "चल रे राजा, चल, तुझ्या आयशीकडं चाललायस असं समज." चेंडू नाही गेला की त्यालाच शिव्या. मी काउंटरवर पुस्तक वाचत असायचो म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. मुकादम म्हणायचे, "मास्तर, तुमच्या बुकात लिहिलंय का, हा चेंडू असा माजोरी का?" मी म्हणायचो, चेंडूचं लिहिलेलं नाही, मुकादमांचं लिहिलंय. ते मोठ्यानं हसायचे. या सगळ्यांना रीत होती, पण ती रोज बदलायची.

विलासची बदलत नव्हती.

तो शिफ्ट संपली की मागच्या दारानं यायचा. केसांवर, भुवयांवर कापूस. चप्पल दाराबाहेर काढायचा, कारण कारखान्यात अनवाणी काम करायची सवय. मी सांगितलेलं सगळं तो एकदाच ऐकायचा. ऐकायचा म्हणजे बघायचा. लूमवर कान लवकर जातात, त्याचेही निम्मे गेले होते. उभा राहायचा, रेषा बघायचा, पाऊल टाकायचा, वाकायचा. क्यू पुढे, मागे, पुढे, मागे. मग एक छोटा थांबा, आणि फटका. त्या थांब्यात काय होतं ते मी शिकवलेलं नव्हतं. जिमखान्यातल्या चांगल्या खेळाडूंचाही थांबा असा एकसारखा मी पाहिला नव्हता. मी पुस्तक खाली ठेवून बघत राहायचो.

हनीफशेठ म्हणायचे, "मास्टर, तुम्हारा भाई आदमी नहीं, मशीन है."

फक्त शुक्रवारी तो चुकायचा. सुट्टीचा दिवस, आंघोळ केलेला, आराम झालेला, टेबल सरळ, आणि विलासचे चेंडू पॉकेटाच्या ओठावरून परत यायचे. शेठ नमाजानंतर हॉलमध्ये डोकावायचे आणि दारातूनच ओरडायचे, "जुम्मे को इसका हाथ भी छुट्टी पे जाता है!"

"मग काय शेठ," विलास म्हणायचा, "हप्ताभर तुमचंच काम करतो बिचारा. एक दिवस त्याला पण द्या."

सगळे हसायचे. मीही हसायचो.

त्याचा खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही त्याला लूमचा खोकला म्हणालो, कारण तो सगळ्यांनाच असतो. मग जिना चढताना तो मधे थांबू लागला. त्याची बायको सुनंदा त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि दुसऱ्या वेळी मला बोलावून घेतलं.

"तुम्ही भाऊ ना? याला कापसातून बाहेर काढा. मी औषध देतो, पण रोज तोच कापूस आत जाणार असेल तर माझ्या औषधाला अर्थ नाही."

बाहेर काढा म्हणजे कुठे? राहनाळच्या गोडाऊनमध्ये हमाली होती, पण पोती उचलायला छाती लागते. विलासला दोनच गोष्टी येत होत्या. एक लूम आणि दुसरा हा खेळ.

त्याच सुमारास हनीफशेठकडे कापडाचे एक व्यापारी आले. ठाण्याच्या बाजूला एका क्लबाचे ते सभासद होते. चहा येईपर्यंत त्यांनी विलासचा खेळ बघितला आणि चहा तसाच राहिला. क्लबात पूलची टेबलं नवी आली होती. सभासदांबरोबर खेळायला आणि त्यांना शिकवायला माणूस हवा होता. "सेक्रेटरी एकदा खेळ बघतील," ते म्हणाले. "बाकी माझ्यावर सोडा."

विलासनं मला घरी जाताना विचारलं, "दादा, तिथं धूळ नसेल ना?"

"एसी आहे म्हणे."

"म्हणजे खिडक्यासुद्धा बंद?"

"बंद."

त्यानं चालता चालता भुवईवरचा कापूस झाडला. मग म्हणाला, "सुनंदाला आत्ताच नको सांगू." पण घरी पोचल्यावर त्यानंच आधी सांगितलं.

क्लबात खेळ दाखवायला गेलो त्या दिवशी त्यानं माझे बूट घातले. क्लबाचा हॉल जमिनीपासून वर होता, लाकडी पायऱ्या, आत गालिचा. भिंतींना लाकूड. चार-पाच सभासद खुर्च्यांवर बसले होते. इतकी शांतता होती की सेक्रेटरींच्या घड्याळाचा आवाज येत होता. मी मनात म्हटलं, इथं खेळायला किती मजा येईल. मी वाचणारा माणूस, मला शांतता आवडते.

विलासनं रेषा बघितली, पाऊल टाकलं, वाकला. क्यू पुढे, मागे, पुढे, मागे. आणि तो थांबलाच नाही. क्यू पुढे-मागे होत राहिला. मग तो उठला, पुन्हा चॉक लावला, पुन्हा वाकला. पुढे, मागे, पुढे, मागे. एखादा माणूस दाराशी उभा राहून आतून कुणी 'ये' म्हणायची वाट बघतो, तसं. शेवटी त्यानं मारलं ते मारायचं म्हणून. चेंडू पॉकेटाच्या जवळही गेला नाही.

"टेक युवर टाईम," एक सभासद म्हणाले. ते खरोखर सज्जन होते.

तो जितका वेळ घेत गेला तितका बिघडत गेला. एकदा क्यू घसरून कापडाला लागला. सेक्रेटरी पुढे झाले आणि कापड फाटलं नाही ना ते त्यांनी बोटानं बघितलं. मग म्हणाले, "कळवतो."

परतताना काल्हेरच्या नाक्यावर आम्ही चहाला उतरलो. विलासनं बूट काढून बाजूला ठेवले आणि पाय जमिनीवर टेकवले.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"माहीत नाही दादा. तिथं काही लागत नव्हतं."

"काय लागत नव्हतं?"

"पायाला," तो म्हणाला आणि स्वतःच गोंधळला. "बुटांमुळे असेल."

मलाही तसंच वाटलं. अनवाणी खेळणाऱ्या माणसाला मी बूट घालून नेलं होतं. कारण सापडल्यामुळे मला थोडं हलकं वाटलं. घरी सुनंदा दारातच उभी होती. मी बुटांचं सांगायला लागलो.

"भाऊजी," ती म्हणाली, "खेळात काय झालं ते मला कळणार नाही. हे उद्या परत कारखान्यात जाणार का, तेवढं सांगा."

ती आत गेली आणि तिनं डबा घासायला घेतला.

मग शुक्रवार आला. मी टेबलाखाली शिरून पाचरी ठोकत होतो. विलास वर, टेबलापाशी, अनवाणी खेळत होता. मला त्याचे फक्त पाय दिसत होते. तो वाकला की उजव्या पायाची टाच जमिनीवर घट्ट बसायची आणि बोटं किंचित वर व्हायची. बोटं तशीच वर राहिली. वाट बघत. फटका आला तो उशिरा आणि वाकडा. चेंडू आपटल्याचा आवाज झाला.

शेठ दारातून ओरडले, "जुम्मे का हाथ!"

मी लेव्हल हातात धरून तसाच पडून राहिलो. लेव्हलमधला बुडबुडा अगदी मधोमध स्थिर होता. इतर दिवशी तो कधीच स्थिर नसायचा.

शनिवारी मी खुर्चीत न बसता जमिनीवर बसलो आणि विलासचे पाय बघितले. भिंतीलगतचा लूम ठोका देत होता. तो ठोका फरशीतून येत होता. क्यू पुढे, मागे, पुढे, मागे, ठोक्याबरोबर. टाच घट्ट, बोटं वर. एक ठोका तो जाऊ द्यायचा. त्याच्या पुढच्या ठोक्याला बोटं खाली यायची आणि हात सुटायचा. चेंडू आत.

त्याचा तो एकसारखा थांबा त्याचा नव्हता. तो लूमचा होता.

मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं क्यू टेबलावर ठेवला. भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी तिथून निघायला बघतोय आणि जे घेऊन निघतोय ते तिथलंच आहे."

व्यापाऱ्यांकरवी मी सेक्रेटरींना निरोप पाठवला. बूट दुसऱ्याचे होते, तब्येत बरी नव्हती, असं काहीतरी. ते म्हणाले की जागा अजून भरलेली नाही, सभासदांच्या स्पर्धा संपल्या की पुन्हा बघू. आम्हाला थोडे शुक्रवार मिळाले.

रीत पक्की व्हायला हाताला आतलं घड्याळ लागतं. बहुतेक खेळाडू ते श्वासावर लावतात. जिमखान्यात मी तेच शिकलो होतो. वाकताना श्वास घ्यायचा, हळू सोडायचा, छाती रिकामी झाली की क्षणभर सगळं शरीर थांबतं, त्या क्षणात मारायचं. मी विलासला हे करून दाखवलं. त्यानं श्वास घेतला, सोडला, छाती रिकामी झाली आणि तो खोकायला लागला. क्यू टेबलावर ठेवून, कडेला धरून खोकत राहिला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो बाकावर बसला.

"दादा, जे माझ्याकडं नाही तेच मागतोयस तू."

मनात आकडे मोजून बघितलं. पण तो मोजायचा ते लूमच्याच चालीत, आणि शांततेत ती चाल त्याला सापडायची नाही. मुकादमांनी सुचवलं, "चेंडूशी बोल रे, माझ्यासारखा." विलास म्हणाला, "तुमचं चेंडू तरी कुठं ऐकतात?" तो अजून थट्टा करत होता. मीच करत नव्हतो.

शेवटी मी डोळ्यांकडे वळलो. वाकल्यावर नजर कुठं असावी यावर मी पूर्वी विचार केला होता, पण शिकवलं नव्हतं. आता आम्ही ती ठरवून टाकली. आधी पांढरा चेंडू. मग रंगीत. परत पांढरा. आणि शेवटी रंगीत. शेवटची नजर रंगीत चेंडूवर टेकली की हात सुटायचा. ऐकायचं काही नाही, पायाला काही लागायला नको, श्वास कसाही चालू दे. डोळ्यांना कापूस लागत नाही, निदान तेवढा नाही.

शुक्रवारी बंद लूमच्या शेजारी आम्ही हे करायचो. सुरुवातीला त्याची बोटं आपोआप वर व्हायची आणि अडकायची. मग एका शुक्रवारी ती वर झालीच नाहीत. पांढरा, रंगीत, पांढरा, रंगीत, आणि चेंडू आत. पुढचा आत. त्याच्या पुढचाही. त्यानं एकही फटका न चुकता टेबल रिकामं केलं. हॉलमध्ये फक्त चेंडूंचा आवाज होता. शेठ दारात येऊन उभे होते आणि ओरडले नव्हते.

"आज हाथ ड्यूटी पे आया," ते हळूच म्हणाले.

विलास हसला. हसण्याचा खोकला झाला. तो बाकावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मी त्याला रिक्षानं घरी नेलं. त्यानंतर तो हॉलमध्ये आला नाही.

दवाखान्यात तो काही आठवडे होता. सरकारी दवाखाना, मोठी खोली, उंच छत. शिफ्टमधली माणसं यायची, कापसासकटच यायची, आणि नर्स त्यांना दारात थांबवायची. क्लबाचा निरोप याच दिवसांत आला. त्यांना माणूस मिळाला होता, मुंबईचाच. व्यापाऱ्यांनी फोनवर दोनदा सॉरी म्हटलं. मी ते विलासला सांगितलं. त्यानं विचारलं, "चांगला खेळतो का?" मी म्हटलं, माहीत नाही. "चांगला असेल," तो म्हणाला.

एका दुपारी सुनंदा त्याच्यासाठी गोळ्या आणि पाण्याचा पेला ठेवून बाहेर गेली होती. मी पुस्तक वाचत बसलो होतो. वाचत नव्हतो, धरून बसलो होतो. त्याला गोळी घ्यायची होती. हात थरथरत होता. मी उठणार तेवढ्यात मला त्याचे डोळे दिसले. त्यानं पेल्याकडे बघितलं. मग गोळीकडे. परत पेल्याकडे. मग गोळीकडे नजर टेकवली, आणि हात सुटला, सरळ गेला, गोळी उचलली. थरथर नव्हती. तो हे मुद्दाम करत नव्हता. त्याला कळलंही नाही.

रीत पक्की झाली होती. ती आता कुठल्याही खोलीत चालली असती. गालिच्यावर, बुटांत, घड्याळ ऐकू येईल अशा शांततेत. मी आयुष्यात एकाच माणसाला हे पूर्ण शिकवू शकलो, आणि त्याचा त्याला उपयोग एवढाच झाला.

मयताच्या दिवशी वस्तीतल्या बुद्धविहारातले लोक आले, कारखान्यातले आले, हनीफशेठ आले. शेठ माझ्याजवळ उभे राहिले. शुक्रवार होता. त्यांना तो विनोद आठवला असणार. मलाही आठवला.

पुढच्या वर्षांत मंदी आली आणि शेठनी भिंतीलगतचे लूम भंगारात घातले. टेबलाचा पाय खाली बसायचा थांबला. पाचरी ठोकायचं काम राहिलं नाही. पूलचं वेडही ओसरलं. हॉलचं गोडाऊन झालं. मी दुसऱ्या ठिकाणी हिशेबाची नोकरी करून निवृत्त झालो. सुनंदानं घरी शिवणयंत्र घेतलं, विलासच्या मुलांना शिकवलं. मुलं कारखान्यात गेली नाहीत. लोक म्हणतात की यातून समाधान मानावं. मी प्रयत्न केला. मुलांचं बरं झालं ते मुलांचं. त्यात विलास कुठं येत नाही.

विलासचा क्यू माझ्याकडे आहे. दाराच्या मागे उभा असतो. टोकावर चॉक आहे, तो मी पुसलेला नाही. आमच्या मागच्या गल्लीत थोडे लूम अजून चालतात. शुक्रवारी ते बंद असतात. बाकीचे दिवस मला ते ऐकू येतात.